चार गोल कॉइल्सचा स्टेलरेटर: बांधणीच्या नोंदी

७ जानेवारी

टोकामॅक नाही, स्टेलरेटर करायचा, हे आज पक्कं झालं. दोन्ही यंत्रं प्लाझ्मा, म्हणजे तापलेला विद्युतभारित वायू, कड्याच्या आकाराच्या चुंबकीय क्षेत्रात कोंडतात. टोकामॅकमध्ये प्लाझ्मातूनच मोठा प्रवाह वाहवावा लागतो. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर लागतो, कपॅसिटर लागतात, प्रवाह भांड्याच्या भिंतीतून गोल फिरू नये म्हणून भांड्यात विद्युतरोधक फट ठेवावी लागते. इतकं करून छोट्या यंत्रात एक शॉट काही मिलिसेकंदांत संपतो. स्टेलरेटरमध्ये क्षेत्ररेषांना पीळ देण्याचं काम बाहेरच्या कॉइल्सच करतात. त्यामुळे प्लाझ्मा पेटवण्याआधी, रिकाम्या भांड्यातच, क्षेत्र बरोबर जमलंय की नाही हे निवांतपणे मोजता येतं. टीम लहान असेल तर ही सोय फार मोलाची आहे.

धास्ती असते ती कॉइल्सच्या आकाराची. ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलश्टाइन ७-एक्समध्ये ५० वाकड्या आणि २० सपाट अतिवाहक कॉइल्स आहेत. प्रिन्स्टनमधला एनसीएसएक्स हा स्टेलरेटर २००८ मध्ये अर्धवट असतानाच रद्द झाला. तसल्या कॉइल्स हव्या तितक्या अचूक बनवून बसवण्याचा खर्च आवरेना. कोलंबिया विद्यापीठाच्या सीएनटी यंत्राने वेगळी वाट दाखवली: कॉइल्स चारच, चारही सपाट आणि गोल. त्यातल्या दोन निर्वात भांड्याच्या आत, साखळीच्या कड्यांसारख्या एकमेकींत अडकलेल्या; दोन मोठ्या, भांड्याबाहेर. आम्ही हाच घाट घेतला, आकार साधारण निम्मा. दोन गुंतलेल्या कॉइल्समधला कोन ७८ अंश.

या यंत्रात फ्यूजन होणार नाही. तापमान आणि घनता त्याच्या आसपासही जाणार नाहीत. प्लाझ्मा ज्या क्षेत्रात कोंडला जातो ते क्षेत्र आपल्या हातांनी घडवायला शिकायचं, एवढंच ध्येय. अशा आकाराचं यंत्र करू पाहणाऱ्यांनी पुढच्या नोंदी कॉइलच्या टोकांवर लक्ष ठेवून वाचाव्यात.

१६ जानेवारी

प्लाझ्मा २.४५ गिगाहर्ट्झच्या मॅग्नेट्रॉनने, म्हणजे मायक्रोवेव्ह सोडणाऱ्या नळीने, पेटवायचा आहे. क्षेत्ररेषेभोवती गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची वारंवारिता हिच्याशी जुळते (सायक्लोट्रॉन अनुनाद) ती ०.०८७५ टेस्लाला, म्हणजे क्षेत्राचा आकडा मॅग्नेट्रॉननेच ठरवून दिला. गुंतलेल्या कॉइलची सरासरी त्रिज्या २० सेंमी धरली तर प्रत्येकीला साधारण ३०,००० अँपिअर-फेरे लागतात. ६० फेरे आणि ५०० अँपिअर असं ठरवलं.

कंडक्टर ८ मिमी चौरस पोकळ तांबं, मध्ये ५ मिमीचं भोक. तांब्याचं क्षेत्रफळ ४४ चौरस मिमी. एका कॉइलला ७५ मीटर लागतं, रोध २९ मिलिओहम, ५०० अँपिअरला साधारण १४.६ व्होल्ट आणि ७.३ किलोवॉट. पाणी अचानक थांबलं तर तांबं सेकंदाला ०.६ अंशाने तापेल. फ्लो स्विचने प्रवाह तोडायला यात भरपूर वेळ आहे.

पाण्याचं गणित मात्र जमेना. ७५ मीटरच्या एकाच नळीतून सेकंदाला १ मीटर वेगाने पाणी ढकलायला जवळपास ३ बार दाब लागतो, आणि प्रवाह सतत चालू ठेवला तर पाणी ९० अंशांनी तापतं. म्हणून प्रत्येक कॉइल ३०-३० फेऱ्यांच्या दोन भागांत केली: पाणी दोघांना वेगळं, वीज एकापाठोपाठ. आता ४ बारला पाणी साधारण २५ अंशांनीच तापेल. त्या बदल्यात प्रत्येक कॉइलची दोनऐवजी चार टोकं बाहेर काढावी लागतील.

नंतरची भर: या शेवटच्या वाक्यावर तेव्हा कोणी दोन मिनिटंही खर्च केली नाहीत. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

बाहेरच्या दोन कॉइल्स हवेत आहेत, हाताला लागतात, कधीही उतरवता येतात. त्यांच्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

३ फेब्रुवारी

दुसरी कॉइल पहिलीत अडकवायची कशी? दोन मार्ग होते. एक, दुसरी कॉइल दोन अर्धवर्तुळांत करायची आणि प्रत्येक फेरा बोल्टने जोडायचा. दोन, ती पहिलीतूनच गुंडाळायची.

पहिला मार्ग सोपा दिसतो म्हणून त्याचा नमुना केला. घासून चकचकीत केलेला, घट्ट आवळलेला एक सांधा २० मायक्रोओहम दाखवत होता. आकडा बारीक आहे, पण एका कॉइलमध्ये असे १२० सांधे आले असते: २.४ मिलिओहम, म्हणजे ५०० अँपिअरला ६०० वॉट उष्णता, तीही नेमकी जिथे पाणी पोचत नाही तिथे. नमुना गरम-थंड करत राहिलो तसा काही सांध्यांचा रोध वाढला, काहींचा तसाच राहिला. शिवाय प्रत्येक सांध्यापाशी कंडक्टर एक जाडी बाजूला सरकतो, म्हणजे प्रवाहाची वाट वाकडी होते. हा मार्ग सोडला. यात तीन आठवड्यांच्या आसपास गेले, पण हे आकडे हाताशी नसते तर पुढे कधीतरी पुन्हा याच सोप्या मार्गाकडे वळलो असतो.

२१ फेब्रुवारी

कॉइल आतून गुंडाळायची म्हणजे तांब्याचं अख्खं रीळ दर फेऱ्याला पहिल्या कॉइलच्या भोकातून काढावं लागेल, असं बरेच दिवस वाटत होतं. तसं नाही. रीळ जागेवर ठेवायचं आणि कड्यालाच फिरवायचं. स्टीलच्या यू आकाराच्या चॅनलचं कडं दोन अर्ध्यांत करून पहिल्या कॉइलभोवती बंद केलं, रोलरवर ठेवलं आणि स्वतःच्या अक्षाभोवती फिरवलं. तांबं बाहेरच्या मोकळ्या बाजूने चॅनलमध्ये उतरतं आणि कड्याबरोबर भोकातून फिरून येतं. दर फेऱ्याला एक फेरा आपोआप गुंतलेला मिळतो.

अडलं ते सुरुवातीच्या टोकाशी. ते चॅनलच्या बाहेर डोकावत होतं आणि कडं फिरताना पहिल्या कॉइलच्या जॅकेटवर (तिच्यावरच्या बंद स्टीलच्या आवरणावर) घासलं. फायबरग्लासची टेप फाटली, तेवढे फेरे उलगडून टाकले. वाकलेलं पोकळ तांबं पुन्हा सरळ होत नाही, भोक चपटतं, म्हणून तो तुकडा टाकूनच दिला. आता चॅनलच्या भिंतीत खाच पाडून सुरुवातीचं टोक आखूड ठेवून त्यात दडवलं. गुंडाळी संपल्यावर जॅकेटच्या नळीच्या तोंडाशी, म्हणजे निर्वाताबाहेर, ब्रेझिंग करून (वितळलेल्या सळईने सांधून) ते लांबवलं.

ब्रेझिंगबद्दल एक गोष्ट. तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरस-तांब्याची सळई वापरली तर फ्लक्स (सांधा साफ करणारं रसायन) लागत नाही. हट्टाने तीच वापरली. फ्लक्समध्ये क्लोराइड असू शकतं, आणि स्टेनलेस स्टीलच्या फटीत अडकलेलं क्लोराइड पुढे भेगा पाडतं. फ्रान्समधल्या ईटेर या मोठ्या टोकामॅकच्या थर्मल शील्डच्या (उष्णता अडवणाऱ्या आवरणाच्या) थंड करणाऱ्या नळ्यांत नेमकं हेच झालं. चांदीचा मुलामा देण्याआधीच्या प्रक्रियेतलं क्लोरीन वेल्डजवळच्या खाचांत राहिलं, भेगा पडल्या, आणि सुमारे २३ किलोमीटर नळ्या बदलायचा निर्णय घ्यावा लागला. आमचं जॅकेट एकदा बंद झालं की आत पुन्हा हात घालता येणार नाही. त्यामुळे इथे काटकसर नको.

१२ मार्च

जॅकेट बंद करायचं वेल्डिंग. हे जॅकेट हीच निर्वाताची भिंत आहे: बाहेर निर्वात, आत कॉइल आणि वातावरणाचा दाब. अडचण अशी की वेल्डपासून काही मिलिमीटरवर काचेच्या टेपचं इन्सुलेशन आहे.

झाकणपट्टी चॅनलवर सपाट ठेवून टिग वेल्डिंग केलेला नमुना कापून पाहिला तर पहिल्या थराची टेप तपकिरी पडून ठिसूळ झाली होती. मग चॅनलच्या आणि झाकणपट्टीच्या कडा १२ मिमी वर उचलून घेतल्या आणि वेल्ड फक्त त्या उभ्या कडांच्या माथ्यावर केला. दोन्ही बाजूंना तांब्याच्या जाड पट्ट्या आवळल्या, एका वेळी बोटभर लांबीचाच वेल्ड, आणि लगेच समोरच्या बाजूला जायचं. इन्सुलेशनपाशी ठेवलेलं थर्मोकपल ९० अंशांच्या वर गेलं नाही. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय आम्हाला सापडला नाही.

कोणी विचारेल की बंद स्टीलचं कडं म्हणजे शॉर्ट झालेला एक फेराच की. बरोबर आहे. पण त्यातला प्रवाह अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास विरतो, आणि आमच्या कॉइलचा प्रवाह हळूहळू चढवायचा असल्याने त्याचा त्रास नाही. टोकामॅकमध्ये हे चाललं नसतं.

२६ मार्च

क्रम महत्त्वाचा: आधी गळती तपासायची, मग इपॉक्सी ओतायचं. पहिल्या कॉइलच्या वेळी उलट केलं होतं. इपॉक्सीने वेल्डमधलं बारीक छिद्र आतून बुजवलं, तपासणी व्यवस्थित पार पडली, आणि दोन-चार वेळा कॉइल गरम-थंड झाल्यावर तेच छिद्र पुन्हा उघडलं.

दुसरीला नळीतून जॅकेटच्या आत हेलियम भरलं आणि बाहेरून निर्वात करून डिटेक्टर लावला. वेल्डचे तुकडे जिथे एकमेकांवर चढतात तिथेच दोन गळत्या निघाल्या. सुरुवात आणि शेवट याच जागा. त्या घासून पुन्हा वेल्ड केल्या, पुन्हा तपासल्या, मगच निर्वातात इपॉक्सी भरलं. पहिल्या कॉइलच्या छिद्रापाशी उभी कड कापून, कोरून नव्याने वेल्ड करावी लागली. ते काम दुसरीच्या सगळ्या वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ खाऊन गेलं.

१५ एप्रिल

कॉइल्स भांड्याच्या झाकणाला टांगायच्या असा आराखडा होता. सोयीचं होतं: झाकण उचललं की सगळं बाहेर. पण झाकण ९० सेंमी व्यासाचं आहे, आणि हवा काढली की त्यावर साडेसहा टनांचा भार येतो. जाडी २५ मिमी असूनही मध्यभागी डायल गेजने ०.६ मिमी वाक दाखवला. नुसतं खाली जाणं परवडलं असतं, पण कॉइल मध्यापासून बाजूला टांगलेली असल्याने ती कलतेही. क्षेत्ररेषांच्या गणितात दोन कॉइल्स एकमेकींपासून १ मिमी सरकवून पाहिल्या तर त्याचा परिणाम स्पष्ट दिसत होता. म्हणजे हवेत कितीही नेमकं जुळवलं तरी पंप सुरू केल्यावर ते बिघडणारच.

आता कॉइल्स आतल्या स्टीलच्या चौकटीवर आहेत. तळाची चकतीही तशीच वाकते, म्हणून चौकटीचे तीन पाय कडेच्या जाड रिंगवर ठेवले. प्रवाह सुरू असताना दोन कॉइल्स एकमेकींना समांतर व्हायला बघतात, तो पीळ साधारण २०० न्यूटन-मीटर आहे. चौकट तो सहज पेलते.

नळ्या भिंतीतून बाहेर काढायला बेलो (भात्यासारख्या घड्यांचे लवचीक सांधे) लावले आणि तिथेच पुढचा धक्का बसला. बेलोचा परिणामी व्यास १० सेंमी, त्यामुळे हवा काढताच वातावरण प्रत्येक नळीला ८० किलोच्या जोराने आत ढकलतं. नळीचं बाहेरचं टोक ०.८ मिमी आत गेलं. चौकट हलली नाही, पण नळी कॉइलच्या जॅकेटला वाकवत होती. प्रत्येक नळी दोन जाड स्टडने बाहेरच्या चौकटीला बांधली. आता गेजचा काटा हलत नाही.

९ मे

पहिला दीर्घ पंपडाउन. टर्बो पंप व्यवस्थित, पण दाब एका ठिकाणी अडून बसला. वायू रेणूंच्या वस्तुमानानुसार वेगळे दाखवणाऱ्या गॅस अॅनलायझरवर १८ चं शिखर सगळ्यात उंच, म्हणजे पाणी. २८ (नायट्रोजन) आणि ३२ (ऑक्सिजन) चं प्रमाण हवेसारखं नव्हतं आणि ४० वर आर्गॉन जवळजवळ नव्हता, त्यामुळे गळती नाही हे कळलं. भांडं बाहेरून हीटिंग टेपने तापवलं, पण कॉइल्स आत थंडच राहत होत्या आणि सगळं पाणी त्यांच्याच जॅकेटवर बसत होतं. उपाय कॉइलमध्येच होता: थंड पाण्याच्या जागी ८० अंशांचं गरम पाणी फिरवलं. इपॉक्सीमुळे याहून वर जाता येत नाही. दोन दिवसांत दाब दहा पटींहून जास्त उतरला.

चौकटीतल्या बंद भोकांत बसवलेले स्क्रू मध्ये भोक असलेलेच वापरा. साध्या स्क्रूखाली कोंडलेली हवा आठवडाभर झिरपत राहते.

३० मे

आज नकाशा घेतला. १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टची बारीक इलेक्ट्रॉन गन आत सरकवली. पूर्ण क्षेत्रात या इलेक्ट्रॉनांच्या वर्तुळाची त्रिज्या ०.४ मिमी भरते, म्हणून ते जवळजवळ क्षेत्ररेषेवरूनच धावतात. समोरून झिंक ऑक्साइडचा लेप दिलेला दांडा हळूहळू फिरवला आणि कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवलं. इलेक्ट्रॉन दरवेळी जिथे दांड्यावर आदळतात तिथे हिरवट ठिपका उमटतो. सगळे ठिपके मिळून एक बंद वक्र होतो, म्हणजे चुंबकीय पृष्ठाचा छेद. गन थोडी सरकवली की पुढचा वक्र.

मोजणी पूर्ण क्षेत्रातच करा. कॉइल्स थंड राहाव्यात म्हणून दहावा भाग प्रवाहावर मोजण्याचा मोह होतो, पण तेव्हा पृथ्वीचं ०.०५ मिलिटेस्ला क्षेत्र ०.६ टक्क्यांची भेसळ करतं. पूर्ण क्षेत्रात ती ०.०६ टक्केच राहते.

आतले वक्र सुरेख आले. ते पहिल्यांदा स्क्रीनवर उमटले तेव्हा सगळे जागेवरून उठून जवळ आले. इतक्या महिन्यांचं तांबं आणि वेल्डिंग एका बंद रेषेत समोर दिसत होतं. पण बाहेरच्या बाजूला एका पृष्ठाच्या जागी तीन बेटांची (क्षेत्ररेषांच्या वेगळ्या बंद वेटोळ्यांची) साखळी आहे, प्रत्येक बेट साधारण २८ मिमी रुंद. त्या पट्ट्यात प्लाझ्मा टिकणार नाही, बेटांतून थेट बाहेर झिरपेल.

११ जून

तीन बेटं हीच खूण आहे. आदर्श यंत्र अर्धा फेरा फिरवलं तरी तसंच दिसायला हवं, आणि त्या सममितीत तीन बेटांची ही साखळी उमटू शकत नाही. ती दिसते म्हणजे सममिती मोडणारं काहीतरी क्षेत्रात मिसळतंय.

सगळ्या कॉइल्सचा प्रवाह उलटा केला. बेटं जागची हलली नाहीत. म्हणजे दोष पृथ्वीच्या क्षेत्राचा नाही. तो प्रवाहाबरोबर उलटणाऱ्या कशाचा तरी आहे. लोखंडी रॅक दूर नेला, काही फरक नाही. मग नळीच्या तोंडाशी केबल्सची मांडणी तात्पुरती बदलली आणि बेटं लगेच आकसली.

कारण साधं आहे. चार टोकांना पाण्याचे कनेक्शन आवळायला पाना फिरवता यावा म्हणून जाणारं आणि येणारं तांबं १२ सेंमी फाकवलं होतं, ३० सेंमी लांबीपर्यंत. ५०० अँपिअरला हा १८ अँपिअर-चौरस मीटरचा चुंबक झाला. कॉइलचा स्वतःचा चुंबकीय आघूर्ण (प्रवाह, फेरे आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार) सुमारे ३,७७०. म्हणजे पान्याच्या जागेपायी अर्धा टक्का चुकीचं क्षेत्र. वेंडेलश्टाइन ७-एक्सच्या क्षेत्रातला दोष एक लाखात एक भागापेक्षा कमी मोजला गेला होता, हे आठवून आम्ही मोजपट्टी घेऊन बाकीची सगळी टोकंही तपासली.

यावर ठाम मत असं: आधी टोकं, पाण्याचे कनेक्शन आणि परतीची वाट कागदावर पक्की करा, त्यानंतर कॉइल. गोल कॉइलचं क्षेत्र कोणीही काढू शकतं. टोकं आराखड्यात काढलेलीच नसतात, ती बसवताना जागा असेल तशी बसतात.

जाताजाता: कॉइल्समध्ये ५०० अँपिअरला प्रत्येकी सुमारे १८० जूल ऊर्जा असते. फ्रीव्हील डायोडशिवाय (स्विच उघडल्यावर कॉइलच्या प्रवाहाला वाट देणाऱ्या डायोडशिवाय) स्विच कधीही उघडू नका.

२७ जून

नवी टोकं बसली. पाण्याचे कनेक्शन आता शेजारी शेजारी नाहीत, नळीच्या लांबीत पुढे-मागे आहेत, त्यामुळे पाना फिरतो आणि तांब्याच्या जोड्या शेवटपर्यंत चिकटून राहतात. मध्ये फक्त इन्सुलेशनचा पत्रा, मध्य ते मध्य १० मिमी. फेऱ्याचं क्षेत्रफळ बाराव्या हिश्शावर आलं. बेटाची रुंदी चुकीच्या क्षेत्राच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, तेव्हा ती ८ मिमीपर्यंत यायला हवी होती. मोजली ती ११.

उरलेला दोष बहुधा कॉइल्सच्या जागेचा. सीएनटीच्या गटाने मोजलेल्या पृष्ठांवरून उलटं गणित करून कॉइल्स किती सरकल्यात ते काढलं होतं. आम्हीही तेच केलं. दुसऱ्या कॉइलचा वरचा पाय ०.५ मिमी खाली बसलाय असं गणित सांगतं. चौकट उघडून गेजने पाहिलं तर ०.४ मिमी निघालं. शिम (जागा भरणारी पातळ पट्टी) कापायला दिला आहे. तो बसवून नकाशा पुन्हा घ्यायचा, आणि मॅग्नेट्रॉनची वेव्हगाइड (मायक्रोवेव्ह नेणारी नळी) त्यानंतरच जोडायची.